उपग्रह नियंत्रण केंद्राचं कंत्राट: एकाकडे की दोघांकडे?

लष्करी उपग्रहांच्या भूकेंद्राचं, म्हणजे जमिनीवरून उपग्रहांशी बोलणाऱ्या केंद्राचं, काम बाहेर द्यायचं ठरलं की बैठकीत आधी किमतीवर भांडण होतं, मग कंपनीवर. त्या दोन्हींच्या आधी सोडवायचा प्रश्न मात्र बहुधा कुणीतरी जुन्या फाईलमधून जसाच्या तसा उचललेला असतो. यंत्रणा चालू ठेवणारे आणि यंत्रणेत बदल करणारे एकाच कंत्राटात घ्यायचे, की वेगवेगळ्या? मी दोन्ही पद्धतींखाली दिवस काढलेत. आधी सहा वर्षं दोन कंत्राटं, त्यानंतर एक. माझा कल लपून राहणार नाही, पण दुसऱ्या बाजूतही दम आहे, म्हणून आधी तीच मांडतो.

देखभाल हे मोजता येणारं काम आहे. अँटेनाच्या गिअरबॉक्सचं तेल, हाय पॉवर अँप्लिफायरची नळी, यूपीएसच्या बॅटऱ्या, शिफ्टला किती माणसं, सगळं आधी सांगता येतं. म्हणून ठरलेल्या रकमेचं कंत्राट इथे शोभतं. अभियांत्रिकीचं तसं नाही. नवा उपग्रह आला की कमांड डेटाबेस, म्हणजे उपग्रहाला द्यायच्या आज्ञांची यादी, बदलतो, ऑपरेटिंग सिस्टीमचा आधार संपतो, सांकेतिकीकरणाचं उपकरण बदलायचा हुकूम येतो. यातलं किती आणि कधी, हे निविदा काढताना कुणालाच माहीत नसतं. इथे ठरलेली रक्कम मागितली तर कंपनी भीतीचे पैसे आधीच लावते किंवा पुढे रडत बसते. त्यामुळे झालेला खर्च अधिक मोबदला हाच रस्ता उरतो. दोन स्वभावांची कामं, दोन प्रकारचे पैसे, मग दोन कंत्राटं. ऐकायला सरळ आहे. लेखापरीक्षकांनाही आवडतं, कारण एकाच्या कामावर दुसऱ्याची नजर राहते.

शिवाय एकाच्याच हाती सगळं गेल्याची भीती खोटी नाही. ब्रिटनने २००३ साली स्कायनेटचं, म्हणजे आपल्या लष्करी दळणवळण उपग्रहांच्या यंत्रणेचं, उपग्रहांपासून भूकेंद्रांपर्यंत जवळजवळ सगळंच पॅराडाइम या कंपनीला एका लांबलचक करारात दिलं. तो करार २०२२ मध्ये संपला आणि जमिनीवरच्या भागाच्या संचालनाचं पुढचं काम २०२३ मध्ये बॅबकॉक या दुसऱ्या कंपनीकडे गेलं. मधली जवळपास दोन दशकं मोजा. एवढ्या काळात कुठली तार कुठे जाते हे ठाऊक असलेली माणसं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसू लागतात. हे आम्ही फार छोट्या प्रमाणावर पाहिलंय, आणि सुखाचं नाही.

असं सगळं असताना मी दुसरीकडे का झुकलो, ते एका घड्याळामुळे.

आमच्याकडे दोन अँटेना. त्यातल्या एकीचा वेळ देणारा रिसीव्हर बिघडला. देखभालवाल्यांनी गोदामातून त्याच क्रमांकाचा नवा काढला आणि बसवला. दिवे हिरवे. नियमाप्रमाणे चाचणीही केली, एका भूस्थिर उपग्रहावर. सिग्नल उत्तम. नोंदवहीत सही झाली. त्याच रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी खालच्या कक्षेतला उपग्रह वर आला तेव्हा अँटेना व्यवस्थित वळली, पण टेलिमेट्रीचा, म्हणजे उपग्रह स्वतःच्या तब्येतीबद्दल पाठवतो त्या माहितीचा, एक शब्द आला नाही. पुढचा पास, म्हणजे उपग्रहाची आमच्या आकाशातली पुढची फेरीही कोरडी गेली. दुसऱ्या अँटेनाने सगळं ओढून नेलं म्हणून निभावलं.

देखभाल कंपनीचं म्हणणं: भाग तोच, चाचणी पास, आमचं काम संपलं. सॉफ्टवेअरमध्ये बघा. अभियांत्रिकीवाल्यांचं म्हणणं: आमच्या इंटरफेसच्या कागदावर येणारी वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असेल असं लिहिलंय. सॉफ्टवेअर तसंच वागतंय, हार्डवेअर बघा. दोघांचंही अक्षरशः बरोबर होतं. तिकीट, म्हणजे बिघाडाची नोंद, तीन दिवसांत पाच वेळा इकडून तिकडे गेलं. दरवेळी एक सभ्य टिप्पणी आणि ‘पुढील कार्यवाहीसाठी’.

चौथ्या दिवशी शिफ्टवरच्या एका पोराला काय सुचलं कोण जाणे. मोबाईल आत नेता येत नाही, म्हणून तो एका पॅनेलसमोर उभा राहिला, मित्राला दुसऱ्या अँटेनाच्या पॅनेलसमोर उभं केलं, आणि दोघांनी मोठ्याने सेकंद वाचायला सुरुवात केली. फरक निघाला बरोबर १८ सेकंदांचा. ज्यांना हा आकडा ओळखीचा आहे त्यांच्या लक्षात आलंच असेल. जीपीएसची वेळ यूटीसीच्या १८ सेकंद पुढे चालते, २०१७ च्या जानेवारीपासून, कारण यूटीसीत अधूनमधून वाढवलेला लीप सेकंद जीपीएसच्या घड्याळात घालत नाहीत. नव्या रिसीव्हरचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, पुढच्या आवृत्तीचं होतं आणि त्यातून मूळ सेटिंगप्रमाणे जीपीएस वेळ बाहेर येत होती. खालच्या कक्षेतला उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास जातो. १८ सेकंदांत १३५ किलोमीटर. आमच्या अँटेनाचा बीम, म्हणजे तिची नजर, एक अंशाहून अरुंद. अँटेना उपग्रहाच्या पुढे धावत होती आणि बीममध्ये काही येतच नसल्यामुळे सिग्नल पकडून मागे जाणाऱ्या ऑटोट्रॅकला धरायलाही काही नव्हतं. भूस्थिर उपग्रह मात्र जागेवरच असतो. त्याला १८ सेकंद मागे काय आणि पुढे काय.

इथवर मला राग नाही. बिघाड असेच असतात. राग आला तो यानंतर. पोरगा देखभाल कंपनीचा. सेटिंग बदलणं म्हणजे कॉन्फिगरेशन, आणि कॉन्फिगरेशन म्हणजे अभियांत्रिकी, दुसऱ्या कंपनीची हद्द. त्याने हात लावला तर त्याच्या कंपनीवर कराराबाहेरचं काम केल्याचा ठपका. अभियांत्रिकीचा माणूस यायचा तर कामाचा आदेश हवा, आदेशाला अंदाजपत्रक हवं. कारण सापडल्यापासून ते मेनूतली एक ओळ बदलेपर्यंत एकोणीस तास गेले. बदलायला एक मिनिटही लागलं नाही. महिन्याच्या अहवालात देखभाल कंपनीची उपलब्धता ९९.९ टक्के दिसली, कारण त्यांचे दिवे कायम हिरवेच होते. अभियांत्रिकीच्या कंत्राटात उपलब्धतेचं कलमच नव्हतं. पास गेले आमचे, दंड कुणालाच नाही.

अशा टक्केवारीबद्दल जाता जाता. ९९.५ टक्के उपलब्धता ऐकायला भारी वाटते, पण वर्षाच्या ८,७६० तासांत तिने जवळपास ४४ तासांची मोकळीक मिळते. भूस्थिर उपग्रहासाठी ते चालून जाईल. खालच्या कक्षेत पास दहा-बारा मिनिटांचा असतो, आणि हे ४४ तास नेमके पासांच्या वेळी सांडले तर शंभर टक्क्यांच्या जवळचा आकडा असूनही दोनशेहून जास्त पास हातचे जातात. कंत्राट एक असो की दोन, मोजायचे ते सफल पास. हे मी हट्टाने सांगतो.

पुढच्या निविदेत आम्ही दोन्ही कामं एकत्र केली. तुलनेला आकडेवारी म्हणाल तर माझ्याकडे पटवून देण्याइतकी नाही. एवढंच सांगतो, त्यानंतर एकदा डाऊनकन्व्हर्टर, म्हणजे सिग्नलची वारंवारता खाली आणणारं उपकरण, बदलल्यावर सिग्नलची पातळी जुळेना तेव्हा पाना हातात असलेला माणूस आणि कीबोर्ड हातात असलेला माणूस एकाच साहेबाला उत्तर देत होते, आणि पुढच्या पासाआधी मामला मिटला होता. तिकिटावर एकच नोंद आहे. मी ते छापून ठेवलंय.

बाहेर बघितलं तरी मला असंच दिसतं, अर्थात मी आता पूर्वग्रहाने बघतो हे मान्य. अमेरिकी हवाई दलाने आपल्या उपग्रह नियंत्रण जाळ्यासाठी काढलेल्या एका कंत्राटाचं नावच ‘कॅमो’, म्हणजे बदल, देखभाल आणि संचालन एकत्रित. त्या जाळ्याची केंद्रं ग्रीनलंडपासून हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटापर्यंत पसरलेली. ग्रीनलंडच्या तळावर मोठं सामान जहाजाने न्यायचं तर बर्फ हटल्यावरच जाता येतं. अशा ठिकाणी दोन कंपन्यांची माणसं ठेवून त्यांच्यात हद्दीचा वाद लावून द्यायचा, ही चैन परवडणारी नाही.

जीपीएसचं उदाहरण याहून बोलकं. नवी नियंत्रण यंत्रणा, ओसीएक्स, रेथिऑन कंपनीला २०१० मध्ये बनवायला दिली. ती इतकी रखडली आणि महागली की २०१६ मध्ये खर्चवाढीची कायदेशीर मर्यादा ओलांडल्याचं जाहीर करावं लागलं. अमेरिकी अवकाश दलाने ती स्वीकारली २०२५ मध्ये. तोवर जीपीएस-३ चे उपग्रह थांबणार नव्हते. पहिला २०१८ च्या डिसेंबरात वर गेला. त्यांना सांभाळलं २००७ पासून चालू असलेल्या जुन्याच यंत्रणेने, आणि तिच्यात त्यासाठीचे बदल केले लॉकहीड मार्टिनने, म्हणजे जी कंपनी ती यंत्रणा सांभाळत होती तिनेच. ओसीएक्सच्या दुखण्याची कारणं वेगळी आहेत, सगळं खापर कंत्राटाच्या रचनेवर फोडू नये. पण चालत्या गाडीचं चाक बदलायची वेळ आली तेव्हा गाडी रोज धुणारेच उपयोगी पडले, हे दिसतं.

आता एकत्र कंत्राटाचा त्रासही सांगायला हवा, नाहीतर तुम्ही मलाच धराल. किंमत वाढते. स्पर्धक कमी येतात, कारण अँटेनावर चढणारी आणि सोर्स कोड वाचणारी, दोन्ही प्रकारची माणसं सुरक्षा परवानगीसह बाळगणाऱ्या कंपन्या थोड्या. आणि पैशांचे दोन प्रकार एकाच छताखाली आले की प्रत्येक दुरुस्ती ही ‘सुधारणा’ आहे असं त्यांना वाटायला लागतं, कारण सुधारणेचे पैसे वेगळे मिळतात. यावर आम्ही एक कलम घातलं: चाळीस मनुष्यतासांखालचा कोणताही बदल मासिक ठरलेल्या रकमेतच. वाद जवळजवळ बंद झाले. फक्त काही कामं नेमकी बेचाळीस तासांची निघू लागली.

अडकून पडण्याच्या भीतीवर उपाय आहे, पण तो पहिल्या दिवशीच करावा लागतो. अमेरिकी संरक्षण खरेदी नियमांत सरकार आणि कंपनी दोघांच्या पैशातून बनलेल्या तांत्रिक माहितीवर सरकारला ‘सरकारी प्रयोजनापुरते’ हक्क मिळतात, आणि साधारण पाच वर्षांनी ते अमर्याद होतात. वाचायला छान. मात्र हक्क असणं आणि माहिती हातात असणं यात फार अंतर आहे. सोर्स कोड, बांधणीच्या स्क्रिप्ट, इंटरफेसचे कागद, सुट्या भागांच्या फर्मवेअर आवृत्त्यांची यादी, हे सगळं ठरावीक मुदतीने आमच्या सर्व्हरवर जमा करायचं, असं सुपूर्तीच्या यादीत लिहून घ्या. नाहीतर हक्क तुमच्या फाईलमध्ये आणि कोड त्यांच्या कपाटात. वर्षातून एकदा तो कोड आपल्या माणसाकडून बांधूनही, म्हणजे त्यातून चालतं सॉफ्टवेअर तयार करूनही, बघावा. आमचा पहिल्यांदा बांधला गेलाच नाही.

सांकेतिक किल्ल्यांचा ताबा कुणालाही द्यायचा नाही, हे तुम्हाला सांगायची गरज नसावी.

हस्तांतराची जी भीती घालतात ती मला थोडी फुगवलेली वाटते. कंत्राट बदललं की नवी कंपनी जुन्याच तंत्रज्ञांना नेमणुकीची पत्रं देते. गळ्यातला पट्टा बदलतो, माणूस त्याच खुर्चीत. अडचण येते ती कागदांची, आणि ती वर म्हटलं तशी सोडवता येते.

दोन कंत्राटं कुणी ठेवावीत? ज्यांच्याकडे स्वतःचा तांत्रिक गट आहे, म्हणजे रात्री दोन वाजता दोन्ही कंपन्यांना एका खोलीत बसवून ‘हे तू कर’ असं सांगायचा अधिकार आणि अक्कल असलेला माणूस पगारावर आहे, त्यांनी जरूर ठेवावीत. पैसे वाचतील. ज्यांची यंत्रणा जुनी, स्थिर आणि निवृत्तीला आलेली आहे, जिथे अभियांत्रिकी जवळजवळ उरलेलीच नाही, त्यांनाही चालेल. आमच्याकडे तसा माणूस होता. तो निवृत्त झाला आणि त्याच्या जागी एक समिती आली.

शेवटच्या निविदेवेळी तांत्रिक सादरीकरणात आम्ही १८ सेकंदांची गोष्ट नावं काढून दोघांपुढे ठेवली. प्रश्न एकच: रात्री दोन दहाला फोन कुणाला लावायचा? एका कंपनीने जबाबदाऱ्यांचा सुंदर रंगीत तक्ता दाखवला, सात रकान्यांचा. दुसरीच्या प्रकल्पप्रमुखाने फळ्यावर स्वतःचं नाव आणि क्रमांक लिहिला आणि खाली बसला. त्यांची बोली महाग होती. किती महाग ते लिहीत नाही, फाईल अजून लेखापरीक्षणात आहे.