डॉ. हाऊसचा पियानो जबरी, गळा मात्र यथातथाच (ह्यू लॉरी, 'लेट देम टॉक')

नटाने अल्बम काढला म्हटलं की मी आधी संशयानेच बघतो. ब्रूस विलिसने १९८७ मध्ये काढलेला, तोही मोटाउनसारख्या नावाजलेल्या रेकॉर्ड कंपनीकडून, त्यातलं एक गाणं अमेरिकेत टॉप फाइव्हमध्ये पण गेलेलं, पण आज कोणी आवडीने लावून ऐकत असेल असं वाटत नाही. त्यामुळे 'हाऊस' या अमेरिकन टीव्ही मालिकेत डॉ. हाऊस झालेल्या ह्यू लॉरी या ब्रिटिश नटाचा २०११ चा ब्लूजचा (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं जुनं संगीत) अल्बम 'लेट देम टॉक' लावताना अपेक्षा शून्य होती, आणि पहिल्याच ट्रॅकला गप्प बसलो.

पहिला ट्रॅक 'सेंट जेम्स इन्फर्मरी', सहा मिनिटांच्या वर आहे, आणि बराच वेळ हा माणूस तोंडच उघडत नाही, नुसता पियानो. सावकाश, कुठेही दाखवेगिरी नाही, आणि मग हळूच बाकीची मंडळी येतात. इथेच कळतं की हा शूटिंगच्या मधल्या वेळात शिकलेला पियानो नाही, ही जुनी खाज आहे. सोबतचे लोक पण बघा ना, प्रोड्युसर जो हेन्री, ब्रास सेक्शनची (ट्रंपेट वगैरे वाद्यांची) अरेंजमेंट ॲलन तुसाँची (न्यू ऑर्लिन्सच्या संगीतातला केवढा मोठा माणूस!), पाहुणे गायक म्हणून डॉ. जॉन, अर्मा थॉमस आणि टॉम जोन्स. एवढी माणसं जमवायला टीव्हीवरची प्रसिद्धी उपयोगी पडली असणारच, पण ती नुसती नावापुरती घेतलेली नाहीत, 'आफ्टर यू'व्ह गॉन' मध्ये डॉ. जॉन गातो तेव्हा लॉरी खुशाल मागे सरकतो.

आता गळ्याचं. आवाज बारीक आहे, थोडा नाकातला, ते चालून जातं, ब्लूजमध्ये गोड गळा कोण मागतो. खरा प्रॉब्लेम उच्चारांचा आहे. ऑक्सफर्डमध्ये जन्मलेला, ईटन-केंब्रिजमध्ये शिकलेला माणूस अमेरिकन साउथच्या ढंगात गातो, आणि गंमत म्हणजे हाऊसमध्ये हाच माणूस आठ सीझन अमेरिकन बोलला तेव्हा अजिबात खटकला नव्हता. तिथे समोर एक पात्र होतं, त्या पात्राची भाषा होती. इथे रॉबर्ट जॉन्सन या जुन्या ब्लूज गायकाचं 'दे'आर रेड हॉट' गाताना मला सारखं वाटत राहतं की हा एका म्हाताऱ्या ब्लूजवाल्याचा रोल करतोय. त्यालाही ते माहितीये, अल्बमसोबतच्या टिपणात स्वतःच सांगून टाकलंय की मी काही १८९० च्या दशकात अलाबामात जन्मलो नाही. प्रामाणिकपणा आवडला, पण म्हणून कानाला खटकतं ते खटकतंच.

आपल्याला खरं तर नटाने गाण्यात नवल वाटायचं कारण नाही, संगीत नाटकात ज्याला गाता येत नाही त्याला मुख्य भूमिका कोण देणार होतं, बालगंधर्व काय किंवा मास्टर दीनानाथ काय, लोक तिकीट काढायचे ते गाण्यासाठी. पण तिथे गळ्याची तालीम आधी झालेली असायची. लॉरीच्या बाबतीत ती तालीम बोटांची झालीये.

म्हणून मला यातली पियानोची गाणीच परत परत ऐकावीशी वाटतात. 'स्वानी रिव्हर' सारखं १८५१ चं घासून गुळगुळीत झालेलं गाणं घेऊन त्याने जी मजा केलीये ती ऐकाच. न्यू ऑर्लिन्सचा पियानोवाला प्रोफेसर लाँगहेअर, त्याचं 'टिपिटिना' पण मस्त, तिथे आवाजाकडे लक्षच जात नाही. 'बेबी, प्लीज मेक अ चेंज' मध्ये टॉम जोन्स तोंड उघडतो आणि मग फरक एवढा कळतो की लॉरीची दयाच येते. एकूण १५ गाणी आहेत, माझ्या मते तीन-चार सहज गाळता आली असती, मधला भाग रेंगाळतो.

विकत घ्यायचा असेल किंवा नुसतं ॲपवर ऐकायचं असेल तर माझा सल्ला, हा ऐकाच, पण लगेच २०१३ चा दुसरा अल्बम 'डिडन्ट इट रेन' पण लावा. त्यात साहेबांनी शहाणपणा केलाय आणि बरंचसं गाणं दुसऱ्यांकडे दिलंय, ग्वाटेमालाची गायिका गॅबी मोरेनो आहे, जीन मॅक्लेन आहे, 'व्हिक्सबर्ग ब्लूज' ला चक्क ताज महाल (हे एका अमेरिकन ब्लूज गायकाचं नाव) आहे. 'किस ऑफ फायर' हा टँगो मोरेनो आणि लॉरी दोघांनी गायलाय, ती स्पॅनिशमध्ये सुरू करते तिथेच पैसे वसूल. पहिल्याला मी पाचात साडेतीन देईन, दुसऱ्याला चार.