५५-२५० लेन्स, आठ महिने : एक ग्रहण आणि लाल मातीतल्या कुस्त्या

आधीच सांगतो, मी काही प्रोफेशनल नाही. नोकरी वेगळी आहे, फोटोग्राफी म्हणजे रविवारचा नाद. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण मग लेन्स राहते बाजूला आणि कुठली कंपनी भारी यावरून भांडण सुरू होतं. या रेंजची (५५ ते २५० मिलिमीटर झूम), या किमतीतली लेन्स थोड्याफार फरकाने सगळ्यांकडे आहे आणि गुणदोषही बरेचसे सारखेच.

२०२२ च्या गणपतीनंतर सेकंडहॅंड घेतली, साडेआठ हजाराला. बॉडी (म्हणजे नुसता कॅमेरा) माझी आधीचीच, क्रॉप म्हणजे लहान आकाराचा सेन्सर, २४ मेगापिक्सेल, व्ह्यूफाइंडरमध्ये फोकसचे नऊच पॉइंट. घेण्याचं कारण एकच होतं, २५ ऑक्टोबरचं ग्रहण. किटच्या १८-५५ वर सूर्य म्हणजे टिकली दिसतो, हे २०१९ च्या डिसेंबरमधल्या ग्रहणात करून झालं होतं.

हिशोब सोपा आहे, लेन्स घ्यायच्या आधी करून बघा. फोकल लेंथला, म्हणजे लेन्सवरच्या मिलिमीटरच्या आकड्याला, साधारण ११० ने भागलं की सेन्सरवर सूर्य किती मिलिमीटरचा पडणार ते कळतं. २५० ला भागलं तर जेमतेम सव्वादोन मिलिमीटर. माझ्या बॉडीवर म्हणजे सहाशेच्या आसपास पिक्सेल, फ्रेमच्या उंचीचा सहावा-सातवा हिस्सा. ऐकायला कमी वाटतं पण क्रॉप करून मोबाइलवर बघायला आणि पोस्टकार्ड साइज प्रिंटला भरपूर झालं. सूर्यावरचे डाग ठळक हवे असतील तर मात्र ४००-६०० किंवा टेलिस्कोपच पाहिजे, तिथं ही लेन्स कमीच पडते.

त्या दिवाळीत गंमतच होती. लक्ष्मीपूजन २४ ला, पाडवा २६ ला, आणि मधला मंगळवार ग्रहणाला सोडलेला. आमच्याकडं सकाळपासून वेध, पाण्यात तुळशीची पानं, फराळाचे डबे समोर असून हात लावायचा नाही. पंचांगात शब्द होता ग्रस्तास्त, म्हणजे ग्रहण लागलेलं असतानाच सूर्य मावळणार, सुटलेला दिसणारच नाही. मला १९९५ चं आठवलं, तेही दिवाळीतच, २४ ऑक्टोबर. तेव्हा मी प्राथमिक शाळेत, खिडक्या बंद करून आम्हाला घरात बसवलेलं आणि मोठी माणसं टीव्हीवर ग्रहण बघत होती. बाहेर खरं ग्रहण चालू आणि आत सगळे टीव्हीपुढं, हे तेव्हाही विचित्र वाटलं होतं.

सोलर फिल्म मागवली होती, चंदेरी, ए४ आकाराची, ओडी ५ वाली (म्हणजे उजेडाचा लाखावा हिस्साच आत सोडणारी). लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा कापून लेन्सच्या तोंडावर घट्ट बसेल अशी टोपी केली आणि तिच्यावर फिल्म चिकटवली. फिल्म ताणून चिकटवायची नाही, थोडी सैल, सुरकुतलेली राहिली तरी चालते. आणि हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच आहे की फिल्टर लेन्सच्या पुढं लागतो, डोळ्यापाशी नाही. व्ह्यूफाइंडरमधून उघड्या लेन्सने सूर्य बघायचा नाही म्हणजे नाही. गॉगल, एक्सरे, काजळी धरलेली काच हे प्रकार आमच्या गल्लीत अजून चालतात, त्यांच्या नादाला लागू नका.

साडेचारला आमच्या कोल्हापुरातल्या रंकाळा तळ्यावर जाऊन ट्रायपॉड लावला. पाचच्या सुमाराला उजवीकडं खालच्या बाजूला बारीक खोक पडल्यासारखी दिसली. आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची ताकद) १००, एफ (लेन्सचं तोंड, आकडा लहान तितकं जास्त उघडं) ८, शटर १/४०० सेकंद, इथून सुरुवात केली, पुढं सूर्य जसा खाली येईल तसं १/२००, १/१००, शेवटी १/६०. ऑटोफोकसनं सूर्याची कड पकडली की लगेच मॅन्युअलवर टाकायचं. इथं या लेन्सचा पहिला त्रास कळला. फोकसची रिंग इलेक्ट्रॉनिक आहे, कॅमेरा झोपला की ती नुसतीच फिरत राहते, आणि जागा असला की चुकून बोट लागलं तरी फोकस हलतो. माझे मधले दहा-बारा फोटो असेच मऊ, म्हणजे धूसर आले आणि ते मला घरी गेल्यावर कळलं. आता रिंगवर रबरबॅंड लावतो.

आमच्याकडून पावणेसहाच्या आसपास जे काय जास्तीत जास्त ग्रासलं तेही पाव भागापेक्षा कमीच. पण मजा आकड्यात नव्हती. भाजीवाली मावशी पाटी खाली ठेवून आली, म्हणाली, ‘काय दिसतंय रं त्यात?’ मी मागच्या स्क्रीनवर दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘उंदरानं भाकरी कुरतडल्यागत दिसतंय की.’ मग लाइनच लागली. कॉलेजची पोरं, मॉर्निंग वॉकवाले काका जे संध्याकाळीही येतात, एक हवालदार. त्या तासाभरात मी फोटो कमी काढले आणि स्क्रीन जास्त दाखवली.

शेवटी सूर्य धुरकट लाल होऊन झाडांच्या रेषेत उतरला तेव्हा फिल्टर काढून फक्त लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, चार फोटो घेतले. हे मी केलं म्हणून तुम्ही करावं असं नाही. पण आठ महिन्यांतला सूर्याचा सगळ्यात चांगला फोटो त्यातलाच एक आहे, खाली तळ्याच्या पाण्यावर केशरी पट्टा आणि वर कुरतडलेली भाकरी. कोल्हापूरवाल्यांना मावळतीचं वेगळं सांगायला नको म्हणा, पुढच्या पंधरा दिवसांत अंबाबाईचा किरणोत्सव, मावळतीची किरणं देवळात मूर्तीपर्यंत येतात तो, तेव्हा अख्खं गाव किरणं कुठवर पोचली याची चौकशी करत असतं.

तर सूर्यासाठी घेतलेल्या लेन्सचं काम असं तासाभरात झालं. पुढचे सात महिने ती कुस्तीला वापरली, आणि खरा रिव्ह्यू तो आहे.

कुस्तीकडं वळलो ते मित्रामुळं. त्याचा पुतण्या तालमीत आहे. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की आमच्या भागात दर आठवड्याला कुठं ना कुठं मैदान असतंच. पहिल्या मैदानाला गेलो ते थेट बूट घालून हौद्याकडं, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याकडं निघालो. एका म्हाताऱ्या वस्तादांनी दंडाला धरून थांबवलं. ‘पायताण काढा पाव्हणं, माती हाय ती.’ लाज वाटली. ती माती म्हणजे नुसती माती नसते, तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालून मळलेली, रोज पुजलेली. पहिला धडा तो.

दुपारी तीन-चारला बारक्या पोरांच्या रेवड्यांवरच्या (बक्षीस म्हणून रेवड्या) कुस्त्या सुरू होतात. नवीन फोटोग्राफरनं तेव्हाच पोचावं. उजेड तिरका, सोनेरी, एफ ५.६ असलं तरी १/१००० आरामात मिळतो आणि पोरं जिंकल्यावर जे नाचतात ते मोठे पैलवान नाचत नाहीत. गेल्या काही वर्षांत मुलींच्या कुस्त्याही लागतात. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडीनं मारली, त्यानंतरच्या जत्रांत तर पोरींच्या जोडीला गर्दी हौद्याला चिकटून उभी राहायला लागली. २५० टोकावर या उजेडात लेन्स खरंच कमाल आहे. घामाला चिकटलेले मातीचे कण मोजता येतात. स्टॅबिलायझर आहे पण कुस्तीत त्याचा उपयोग थोडाच, हात स्थिर राहिला तरी पैलवान कुठं स्थिर राहतोय.

साडेसहानंतर रडगाणं सुरू. मोठ्या जोडी सगळ्या अंधार पडल्यावर, पहिल्या नंबरची कुस्ती तर कधी कधी नऊला. दिवे असतात पण चार खांबांवर, आणि २५० वर लेन्स ५.६ च्या वर उघडत नाही. १/५०० पाहिजे म्हणून आयएसओ ६४०० लावला की माझ्या बॉडीचे फोटो रव्याच्या लाडवासारखे दिसतात. त्यात दिवे लुकलुकतात, आपल्या डोळ्याला कळत नाही पण आपली वीज ५० हर्ट्झची म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, त्यामुळं एकाच बर्स्टमधला (बटण दाबून धरून पटापट काढलेल्या फोटोंमधला) एक फोटो उजळ, दुसरा काळपट, तिसरा अर्धा पिवळा. बॉडीत अॅंटी-फ्लिकर असेल तर चालू करा. मी तीन मैदानं संपल्यावर मेन्यूत शोधलं, होतं की तिथंच.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. लाल माती, गुलाल, फेटे हे सगळं बघून कॅमेरा घाबरतो आणि पैलवान निळसर करून टाकतो. रॉमध्ये (नंतर रंग बदलता येतील अशा कच्च्या फाइलमध्ये) काढा नाहीतर बॅलन्स एका जागी बांधून ठेवा.

फोकसबद्दल तक्रार करायची होती पण अर्धी चूक माझी निघाली. खडाखडी, म्हणजे सुरुवातीची उभ्यानं चाललेली झटापट, चालू असते तोवर दोघं समोरासमोर, मधला पॉइंट बरोबर बसतो. मग एक जण कब्जा घेतो, दोघं खाली, आणि बघता बघता पंच मध्ये. माझ्या पहिल्या दोन मैदानांचा हिशोब म्हणजे पंचांच्या पाठीचे चाळीस-पन्नास उत्तम, एकदम शार्प फोटो. एकदा त्याच वस्तादांच्या शेजारी बसलो होतो. त्यांनी माझी स्क्रीन बघितली आणि म्हणाले, ‘तू हातांकडं बघतूस. पायाकडं बघ. डाव पायातनं निघतो.’ तेव्हापासून घिस्सा कधी, ढाक कधी, टांग कधी हे सगळे डाव कळतात असं अजिबात नाही, पण वजन कुठल्या पायावर गेलंय ते थोडं थोडं दिसायला लागलं. आधी आठ-आठ सेकंद बर्स्ट दाबून धरायचो आणि ऐन चितपटीला बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) भरून कॅमेरा गप्प. आता तीन-चार फोटो, थांबायचं, परत तीन-चार. पाठ टेकायच्या आधीचा क्षण, पैलवान हवेत आडवा आणि मागं हलगीवाला तोंड उघडं टाकून उभा, असा फोटो मला फेब्रुवारीत मिळाला, लेन्स १३५ वर होती. नंतर बघितलं तर माझे बहुतेक बरे फोटो १०० ते १६० च्या मधलेच आहेत. म्हणजे २५० ची हाव मला सूर्यापुरतीच होती.

जवळ बसलं तर ५५ सुद्धा जास्त होतं हेही सांगायला पाहिजे. पैलवान कडेला आले की नुसतं ढोपर आणि लंगोटाची गाठ. एकदा दोघं लोळत थेट माझ्या अंगावर, मी कॅमेरा पोटाशी धरून मागं पडलो, लोक हसले, निवेदकानं माइकवरून ‘फोटोग्राफर अस्मान बघितलं का’ असंही विचारून घेतलं.

जानेवारीत पुण्याला कोथरूडला महाराष्ट्र केसरी बघायला गेलो तेव्हा उलटं. बसायला जागा इतकी लांब की २५० लाही पैलवान बोटभर. शिवराज राक्षे विरुद्ध महेंद्र गायकवाड, फायनल बघता बघता संपली, माझ्याकडं त्यातले दोन फोटो, एकात पुढच्या माणसाचा फेटा. गादीवरच्या कुस्तीचे फोटो मला तसेही सपक वाटतात, धूळ उडत नाही. हे माझं मत, गादीवाल्यांनी रागावू नये.

आणि कोल्हापुरातलं खासबाग मैदान. तिथं बसल्यावर कळतं की शाहू महाराजांनी मैदान बांधताना प्रेक्षकाचा किती विचार केला होता. १९१२ चं बांधकाम, रोमचं कलोसियम बघून आल्यावर सुचलेलं म्हणतात, बशीसारखा उतार, कुठंही बसा, पुढच्याचं डोकं आड येत नाही. तिथं वरच्या पायऱ्यांवरून ही लेन्स ज्या फ्रेम देते, मधोमध लाल वर्तुळ, त्यात दोन माणसं आणि भोवती फक्त चेहरे, त्यासाठी साडेआठ हजार वसूल.

धुळीचं लिहितो. ती माती तेलकट असते, नुसती फुंकर मारून जात नाही आणि फडक्यानं पुसली तर सगळ्या काचेवर पसरते. आधी ब्लोअर, मग ब्रश, मग लिक्विड लावलेला टिश्यू. मी पुढं साधा यूव्ही फिल्टर लावून ठेवलाय, तो मैदानाहून आल्यावर धुतो. तरी झूमची रिंग आता कचकच करते. माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडायची कड्याची जागा, प्लॅस्टिकचा आहे, त्याला अजून काही झालेलं नाही. वजन पावणेचारशे ग्रॅम, पाच तास गळ्यात असली तरी मान दुखत नाही. हे मी मोठ्या पांढऱ्या लेन्सवाल्यांकडं बघून सांगतोय, आठ वाजेपर्यंत ते कुणाच्या तरी खुर्चीच्या शोधात असतात.

तर घ्यावी का? दुपारच्या कुस्तीला, जत्रेला, पक्ष्याला, फिल्टर लावून सूर्याला, डोळे झाकून घ्या. रात्रीच्या मैदानासाठी नको. त्यासाठी मी एप्रिलमध्ये ८५ एफ १.८ घेतली, तीही जुनी. झूम नाही म्हणून पायानं झूम करावं लागतं, पण आयएसओ ६४०० वरून १६०० च्या खाली आला. आता दोन्ही नेतो, दिवे लागले की बदलतो, आणि बदलताना हौद्याकडं पाठ करून, पिशवीत हात घालून बदलतो, नाहीतर सेन्सरवर माती.

एक खर्च कुणी सांगत नाही तो म्हणजे प्रिंटचा. ‘भावा, फोटो टाक की’ म्हणून नंबर देऊन जातात, व्हॉट्सॲपवर नुसता फोटो टाकला तर पार गचाळ होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पण तालमीत फ्रेम लावायची म्हटलं की प्रिंट काढून न्यावीच लागते. त्या वस्तादांना त्यांचाच फोटो मोठा करून दिला, कडेला बसून मांडीवर हात, नजर खाली, कुणाच्या तरी पायाकडं. त्यांनी बघितला, भिंतीला टेकवून ठेवला आणि पोराला माझ्यासाठी थंडाई आणायला पाठवलं.

सोलर फिल्मची पुठ्ठ्याची टोपी मात्र ऑक्टोबरनंतर लागली नाही. आईच्या कपाटात साड्यांच्या मध्ये सपाट ठेवलीय. परवा आवरताना तिनं विचारलं, ‘हे टाकू का? परत कधी लागणार हाय?’ म्हटलं, असू दे, इथनं पुढचं २ ऑगस्ट २०२७ ला दिसणार, संध्याकाळचं.

‘ऑगस्टात?’ ती म्हणाली. ‘पावसात कुठला सूर्य सापडतोय तुला.’ आणि टोपी परत साड्यांत ठेवली.