नऊ महिने मनगटावर, सात महिने वहीत: अनवाणी धावणाऱ्याचा आठवड्याचा हिशेब

गेल्या नवरात्रात दुर्गामाता दौडीला गेलो, तेव्हा पायात काही नव्हतं. बेळगावात त्याचं कुणाला नवल नाही. पहाटे गल्ल्यागल्ल्यांतून माणसं पांढऱ्या कपड्यांत, कुणी टोपी कुणी फेटा असं पळत असतात, आणि त्यातले कितीतरी अनवाणी असतात. नवल वाटलं ते माझं मलाच. पाच-सहा वर्षं बूट घालून पळत होतो, डावा गुडघा कायम कुरकुरायचा. त्या नऊ दिवसांत त्यानं चकार शब्द काढला नाही. दसरा झाला, ठरवलं की हे चालू ठेवायचं. त्याच आठवड्यात भाच्याचं जुनं जीपीएसवालं घड्याळ साडेचार हजारांना घेतलं. मी एका पतसंस्थेत हिशेबनीस आहे, आणि नोंद नाही तो व्यवहार झालाच नाही असं मानायची सवय हाडात मुरलेली.

हा अनुभव त्या घड्याळाचा, त्याच्या मोबाइलमधल्या ॲपचा आणि नंतर सुरू केलेल्या दोनशेपानी वहीचा. घड्याळाच्या कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. दुसऱ्या कुणाचं असतं तरी माझं रडगाणं हेच असतं.

माझा आठवडा साधारण असा. तीन दिवस अनवाणी धावणं, बहुतेक व्हॅक्सिन डेपोच्या झाडीभरल्या मोकळ्या आवारात, कारण तिथली माती पायाला बरी आणि सावली भरपूर. एक दिवस येळ्ळूरपर्यंत सायकल. एक दिवस पोहणं. एक दिवस तालमीत दंड-बैठका आणि जमलं तर मुद्गल. एक दिवस सुट्टी. म्हणजे मी फक्त धावपटू नाही आणि नुसता व्यायामपटूही नाही. सगळी भानगड तिथूनच सुरू होते.

आधी चांगलं सांगतो. सायकलला घड्याळ उत्तम. अंतर, चढ, वेळ, सगळं चोख. पोहताना फेऱ्या बिनचूक मोजतं, मी मध्ये थांबून कुणाशी गप्पा मारल्या तर तेही धरतं. बॅटरी आठवडाभर जाते. धावण्याची वेळही अचूक. अंतराचं मात्र डेपोतल्या आणि कॅम्पातल्या जुन्या मोठ्या झाडांखाली जरा इकडंतिकडं होतं. नकाशावर बघितलं तर मी दोनदा कुणाच्या तरी कंपाउंडातून पळालोय. त्याचं काही वाटत नाही. आठवड्याचा पहिला दिवस मात्र घड्याळात सोमवार आणि ॲपमध्ये रविवार. दोन्हीकडच्या बेरजा जुळायच्या नाहीत, आणि फरक कुठून आला ते शोधत मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. सेटिंगमध्ये खोल कुठंतरी तो पर्याय होता. ताळेबंद जुळत नसला की मला जेवण जात नाही, म्हणून सांगतो: घेतल्या घेतल्या पहिलं हे बघा.

तालमीत घड्याळाची अगदीच फजिती. दंड घालताना मनगट मागं दुमडतं, घड्याळाच्या पोटातला, नाडीचे ठोके मोजणारा हिरवा दिवा कातडीपासून सुटतो. घामानं डोळे चुरचुरतायत, छाती भात्यासारखी वर-खाली होतेय आणि पडद्यावर ठोके ७६. मुद्गल फिरवताना मूठ आवळली की तीच गत. चाळीस मिनिटं माती अंगाला लावून आलो तर ॲप म्हणतं, ‘हलका व्यायाम’. उलट खड्ड्यांच्या रस्त्यानं स्कूटरवरून बाजार करून आलो की चारशे पावलं जमा. आमच्या वस्तादांना दाखवलं तर ते म्हणाले, “मग स्कूटरच चालव की बे, तालमीत कशाला येऊलालास?”

बुटांची गंमत वेगळीच. प्रत्येक धावण्याला ॲप विचारतं, बूट कुठला? रिकामं सोडलं की लाल टिंब लुकलुकत राहतं. शेवटी मी नवीन जोडी म्हणून ‘पाय’ असं नाव भरलं, आणि खरेदीची तारीख माझी जन्मतारीख. गेल्या पंधरवड्यात सूचना आली: ‘पाय’चे ४०० किलोमीटर पूर्ण झाले, आता नवीन जोडी घेण्याचा विचार करा. बायकोनं त्या पडद्याचा फोटो जपून ठेवलाय, पाहुणे आले की दाखवते.

इथवर सगळं हसण्यावारी. खरं दुखणं नोव्हेंबरमध्ये झालं. दसऱ्यानंतर पाच आठवडे घड्याळ मला शाबासकी देत होतं. ‘फिटनेस वाढतोय’, ‘शरीर ताजंतवानं आहे’, असा रोज हिरवा शेरा. आणि ते खोटं नव्हतं. माझा दम खरंच वाढला होता, कारण बुटांतली पाच-सहा वर्षं, सायकल, पोहणं, सगळं छातीत जमा होतं. दम आहे म्हणून मी पळत सुटलो. पाचव्या आठवड्यात उजव्या पायाच्या दुसऱ्या बोटामागं पंजाच्या वरच्या अंगाला एक जागा दुखायला लागली. बोटानं दाबलं तर बरोबर एका ठिकाणी, करंगळीच्या नखाएवढ्या. त्या दिवशीसुद्धा घड्याळ म्हणत होतं, आज जोरकस व्यायाम करायला हरकत नाही.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला, त्यात काही नव्हतं. पण अशा ठिकाणचं हाड ताणानं चिरायला लागलं तर पहिल्या काही आठवड्यांत एक्स-रेत दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं, असं त्यांनी समजावलं. मी खर्च टाळला आणि त्यांचं ऐकलं. चार आठवडे धावणं बंद, पोहायला मुभा. छाती आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, हाडं आणि स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या शिरा सावकाश. बूट असताना टाच आधी टेकायची, अनवाणी पळताना बहुतेक जण आपोआप पंजावर उतरतात. हार्वर्ड विद्यापीठाच्या डॅनियल लिबरमन यांनी २०१० मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत हेच मांडलं होतं, की सवयीनं अनवाणी पळणारे पुष्कळदा पंजावर उतरतात आणि टाच आपटण्याचा तो पहिला दणका त्यांना बसत नाही. लोक एवढंच वाचतात आणि बूट फेकतात. मीही तेच केलं. टाचेचा भार वाचला तो पंजा, पोटरी आणि घोट्यामागच्या जाड शिरेच्या नावे पडला, ही उलट नोंद मी केलीच नव्हती. जमा एका खात्याला दाखवली, नावे कुणाच्याच नाही. हिशेबनिसाला शोभत नाही हे.

इथिओपियाच्या अबेबे बिकिलाचं नाव घेणारे दोन्हीकडे भेटतात. १९६० साली रोममध्ये मॅरेथॉन अनवाणी जिंकली हे एक जण सांगतो, १९६४ ला टोकियोत बूट घालून जिंकली हे दुसरा. दोन्ही खरं. तो तालमीत नव्हता आणि पतसंस्थेतही नव्हता.

वही सुरू झाली ती त्या चार आठवड्यांच्या सक्तीच्या सुट्टीत, डिसेंबरात. पद्धत माझी नाही. कार्ल फॉस्टर नावाच्या अमेरिकन व्यायामशास्त्रज्ञानं १९९० च्या दशकात रूढ केलेली आहे: व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासानं स्वतःला विचारायचं, एकंदर किती जड गेलं? शून्य ते दहा. त्या आकड्याला मिनिटांनी गुणायचं. दंड असो, सायकल असो, पोहणं असो, सगळे एकाच नाण्यात मोजता येतात. मनगट दुमडलं काय नि सरळ राहिलं काय. मी त्याला ‘ओझं’ म्हणतो. त्यात माझी भर एकच: शेजारी दुसरा रकाना, ‘तळव्याची मिनिटं’. तळवा उघडा असताना धावण्याची वेळ तेवढी त्यात. दोरीवरच्या उड्याही त्यातच, त्या घरात मारल्या तरी. सायकल, पोहणं शून्य.

मार्चमधला एक आठवडा जसाच्या तसा देतो. सोमवार तालीम ४० मिनिटं, जड ६, ओझं २४०. मंगळवार डेपो २८ मिनिटं, जड ५, ओझं १४०. बुधवार सायकल ७० मिनिटं, जड ४, ओझं २८०. गुरुवार चढावर २० मिनिटं, जड ७, ओझं १४०. शुक्रवार सुट्टी. शनिवार पोहणं ३५ मिनिटं, जड ५, ओझं १७५. रविवार मातीवरून ४५ मिनिटं, जड ५, ओझं २२५. एकूण २३८ मिनिटं, ओझं १२००, तळवे ९३ मिनिटं.

त्याच्या पुढच्या आठवड्यात सायकल दुरुस्तीला टाकलेली आणि तलाव सफाईसाठी बंद. दोन्हींच्या जागी मी धावून घेतलं. ओझं झालं १२३०. घड्याळाच्या लेखी काही घडलंच नाही, उलट मिनिटं कमी भरली म्हणून त्यानं थोडं टोचलं. पण तळव्यांची मिनिटं ९३ वरून १४० झाली होती. एका आठवड्यात दीडपट! आणि सोमवारी सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला तर तीच नखाएवढी जागा बोलली. या वेळी दुखणं वाढायच्या आत कळलं, कारण आकडा समोर होता. चार दिवस पळालो नाही, बास.

म्हणून माझ्या वहीत एक तिसरा रकाना आहे, ‘पहिलं पाऊल’. उठल्या उठल्या पहिली दहा पावलं कशी पडली? ठीक, कडक, दुखतं. ‘कडक’ला गरम पाणी आणि सायकल. ‘दुखतं’ला धावणं बंद, मग घड्याळ कितीही हिरवं होवो. साडेचार हजारांच्या यंत्राला जे कळत नाही ते फरशीला कळतं.

बैठकांचं गणित कळायला मात्र मला वस्तादांची गरज लागली. मंगळवारी पोटऱ्या का भरून येतात हे मला महिनाभर उमगलं नव्हतं. ते म्हणाले, “बैठक मारताना टाच कुठं असते?” वर असते! दोनशे बैठका म्हणजे दोनशे वेळा पंजावर चढ-उतार, आणि दुसऱ्या दिवशी मी त्याच पोटऱ्या घेऊन अनवाणी पळायला. घड्याळाला ती ताकद वाटते, धावणं वेगळं वाटतं. पोटरीला दोन्ही एकच. तेव्हापासून तालमीच्या दुसऱ्या दिवशी सायकल, आणि मंगळवारचं धावणं बुधवारी.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम, शिवाय निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम अशी आहे. ॲप पहिला भाग छान मोजतं, दुसऱ्यासाठी त्याच्याकडे जागाच नाही. मी तो हातानं लिहितो. माझं बहुतेक एकदाच होतं. दुसरा दिवस वहीत कित्येक आठवडे कोराच.

आता इथल्या ऋतूंबद्दल, कारण परदेशी ॲपवाल्यांना बेळगाव माहीत नाही. थंडीत पहाटे पंजे इतके गार पडतात की खडा लागला तरी नंतर कळतं, म्हणून पहिली दहा मिनिटं चालणं. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर डांबरावर जाऊ नका, मी एकदा गेलो आणि अर्धा किलोमीटर गटाराच्या कडेच्या गवतावरून नाचत परत आलो. पावसाळा सगळ्यात फसवा. माती मऊ म्हणून बरं वाटतं, पण अर्ध्या तासात तळव्याची कातडी भिजून पांढरी पडते, आणि मग बारीकसा काटाही खोल जातो. जूनपासून माझ्या वहीत तळव्यांची मर्यादा आठवड्याला ७५ मिनिटं आहे. भर पावसात घड्याळाच्या पडद्याला थेंब म्हणजे बोट वाटतं. एकदा धावणं आपोआप थांबून नौकानयन सुरू झालं. त्या दिवशीचा रस्ता बघता फार चुकलं होतं असंही नाही.

माणसांचं विचाराल तर, अनवाणी धावणारा दिसला की आपल्याकडे पहिला प्रश्न नवसाचा. “सौंदत्तीच्या यल्लम्माला चाललाय काय?” हे आठवड्यातून एकदा तरी. येळ्ळूरच्या वाटेवर एका म्हाताऱ्यानं बैलगाडी थांबवून कानडीत विचारलं, “चप्पल यल्ली री?” म्हणजे चप्पल कुठाय? मी म्हटलं, घरी. त्यांनी गाडीतलं जुनं पायताण काढून पुढं केलं. घ्यायला नको म्हणताना मला जेवढी लाज वाटली तेवढी या नऊ महिन्यांत दुसऱ्या कशाची वाटली नाही. ते हौस म्हणून अनवाणी कधी चालले नसणार.

घड्याळ घ्यावं का? फक्त धावत असाल, तेही बूट घालून, तर खुशाल घ्या. सायकल आणि पोहणं जास्त असेल तरी घ्या. अनवाणी सुरुवात करणार असाल तर पहिले तीन महिने घेऊ नका असंच सांगेन, कारण त्याची शाबासकी महाग पडते. वही चाळीस रुपयांची आहे. पाच रकाने आखा: मिनिटं, जड किती, ओझं, तळवे, पहिलं पाऊल. पृष्ठभागाचा सहावा रकाना मी आखला होता, माती-डांबर-मुरूम असा, पण तो भरायचा कंटाळा आला आणि दोन महिन्यांत बंद पडला. मी घड्याळ अजून बांधतो. मिनिटं त्यातून उतरवून घेतो, बाकीचं वाचत नाही. पट्ट्याखाली घामानं पुरळ उठतं म्हणून रात्री काढून ठेवतो, त्यामुळं माझ्या झोपेबद्दल त्याचं मत फार वाईट आहे.

आज मंगळवार. काल बैठका १८०, जड ७. पहिलं पाऊल: कडक. बाहेर पाऊस धरून आहे, सायकल पोर्चमध्ये ओली उभी आहे. तळवे शून्य.