जुन्या पेपरांचं पेड आर्काइव्ह: मिल बेसबॉल शोधणाऱ्यांनी घ्यावं का?

साउथ कॅरोलायनातल्या कापड गिरण्यांच्या बेसबॉल टीम्सची माहिती गोळा करतेय, त्यासाठी जुन्या अमेरिकन पेपरांच्या एका मोठ्या साइटचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं. नाव मुद्दाम देत नाही, कारण माझं म्हणणं अशा सगळ्याच साइट्सना लागू पडतं. पाचपैकी तीन स्टार.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रीनव्हिलच्या आसपास ब्रँडन, मोनाहन, पो, वुडसाइड, जडसन अशा गिरण्या होत्या, प्रत्येकीची स्वतःची वसाहत आणि स्वतःची टीम, शनिवारी दुपारी काम सुटलं की मॅच. शूलेस जो जॅक्सन ह्याच ब्रँडन मिलचा, लहान वयात गिरणीत कामाला लागलेला, तेराव्या वर्षी मोठ्या माणसांच्या टीममध्ये खेळायला लागला. पुढे मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये, करिअरचं बॅटिंग ॲव्हरेज .३५६ आणि १९१९ च्या वर्ल्ड सिरीजच्या मॅच-फिक्सिंग प्रकरणावरून कायमची बंदी, जी त्याच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी, २०२५ मध्ये उठली. त्याच्याबद्दल ह्या साइटवर वाचून संपणार नाही इतकं आहे. पण ब्रँडनच्या टीममध्ये त्याच्याबरोबर अजून आठ जण मैदानात उतरायचे ना? मला ते हवेत, आणि तिथेच ही साइट हात वर करते.

मिल बेसबॉलचा बहुतेक इतिहास बॉक्स स्कोअरमध्ये, म्हणजे पेपरात छापलेल्या मॅचच्या आकड्यांच्या तक्त्यांत आहे. बारीक टाइप, अरुंद कॉलम, फक्त आडनाव, तेही जागेत बसावं म्हणून कापलेलं. मायक्रोफिल्मवर शाई पसरलेली, आणि त्याच्यावरून कॉम्प्युटरने वाचलेला मजकूर म्हणजे अक्षरांचा नुसता लगदा, त्यामुळे नाव पानावर डोळ्यांना स्वच्छ दिसतं तरी सर्चमध्ये येत नाही. गिरणीचं नाव टाकावं तर अजून वैताग. ब्रँडन टाकलं की ब्रँडन नावाची माणसं, पो टाकलं की एडगर ॲलन पो, आणि मिल्स टाकलं की शेअर्सचे भाव नि कापसाचा बाजार. फक्त स्पोर्ट्सची पानं दाखवणारा फिल्टर नाही. एका घरातले दोघं-तिघं भाऊ एकाच टीममध्ये असले तर आद्याक्षरावाचून कोण कुठला हे कळायला मार्गच नाही.

आडनाव वेगळं असेल तर मात्र मजा येते. लू ब्रिसी घ्या. वेअर शोल्सच्या मिल टीममधला डावखुरा पिचर, डिसेंबर १९४४ मध्ये इटलीत तोफगोळ्याने पायाचा चुरा झाला, तरी १९४७ मध्ये फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सकडून मेजर लीगमध्ये उभा राहिला आणि १९४९ मध्ये ऑल-स्टार झाला. ब्रिसी टाका, पटापट सापडतो. जॅक्सन किंवा स्मिथ असाल तर गेलात.

दुसरी मोठी तक्रार, उपलब्ध वर्षांची यादी फसवी आहे. पेपरच्या नावापुढे सलग वर्षं लिहिलेली, आत गेलं की महिनेच्या महिने गायब. सप्टेंबर १९३४ मध्ये गिरणी कामगारांचा मोठा संप झाला, ६ तारखेला हनिया पाथच्या चिकोला मिलसमोर गोळीबारात सात जण गेले. त्या आठवड्यांत आसपासच्या टीम्स खेळल्या का, हे मला बघायचं होतं, आणि मला हव्या असलेल्या साप्ताहिकाचे नेमके तेच अंक नाहीत. नाहीत तर नाहीत, पण पैसे घ्यायच्या आधी सांगा ना! सपोर्टला लिहिलं तर छापील उत्तर आलं.

काळ्या खेळाडूंबद्दल तर फारच कमी हाती लागतं. १९१५ च्या राज्याच्या कायद्याने कापड गिरणीत काळ्या-गोऱ्यांनी एका खोलीत काम करायलाच बंदी होती, गिरणीच्या आवारातली अंगमेहनतीची कामं तेवढी काळ्यांना. त्यांच्या टीम्सबद्दल गोऱ्यांच्या पेपरात एखादी ओळ आली तर आली. हा दोष साइटचा नाही, पण हे वाचताना जीव तुटतो खरंच.

आता चांगलं सांगते. स्कॅन मोठं केलं तरी फाटत नाही, कात्रण सेव्ह करायची सोय मस्त आहे, आणि तारखेने पानं उलटणं एकदम फास्ट. म्हणून माझा सल्ला, सर्च बॉक्सच्या नादी लागू नका, तारखेने जा. शनिवारची मॅच मोठ्या शहरी पेपरात रविवारी किंवा सोमवारी, गावच्या साप्ताहिकात त्याच्या पुढच्या अंकात. आडनाव मिळालं की जुन्या सिटी डिरेक्टरीत बघा, त्यात नावापुढे काम आणि पत्ता असतो, माणूस कुठल्या गिरणीचा ते बरेचदा तिथे कळतं. मैदान कुठे होतं ह्याचा अंदाज घ्यायला लायब्ररी ऑफ काँग्रेसकडचे सॅनबॉर्न नकाशे (आगीच्या विम्यासाठी काढलेले गावांचे बारीक नकाशे) फुकट आहेत.

फुकट पेपर हवे असतील तर आधी क्रॉनिकलिंग अमेरिका, आणि नॉर्थ कॅरोलायनासाठी डिजिटलएनसी, हे दोन्ही नक्की चाळा. पण १९२० नंतरचे बरेचसे मोठे पेपर तिथे मिळत नाहीत आणि मिल लीग्सचा भर तर त्याच काळातला, त्यामुळे शेवटी पैसे भरावेच लागतात. एक-दोन महिन्यांचंच घ्या, तारखांची यादी आधी हाताशी ठेवा.

चौथा स्टार मी लगेच देईन, फक्त चुकीचा वाचलेला मजकूर आम्हाला दुरुस्त करू द्या. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल लायब्ररीच्या ट्रोव्ह ह्या साइटवर, जिथे जुने पेपर आहेत, वाचक हे कित्येक वर्षं फुकटात करतायत, इथे पैसे भरूनही ते बटण नाही.