ऑल्टस्टोअर: सही सात दिवसांचीच, पण आपल्या नावाची
ॲप स्टोअरबाहेरची ॲप आयफोनवर चालायला ॲपलच्या सर्टिफिकेटची डिजिटल सही लागते. असं सर्टिफिकेट विकणाऱ्या एका सेवेला मी आधी पैसे मोजले होते. ॲपलने ते सर्टिफिकेट रद्द केलं आणि आयफोनवरची सगळी ॲप एका रात्रीत आडवी. पैसे मागितले तर पलीकडे शुकशुकाट. आता ऑल्टस्टोअर वापरते, म्हणजे अशी बाहेरची ॲप फोनवर टाकून देणारं ॲप. सही आपल्याच ॲपल आयडीची, म्हणजे दुसऱ्याच्या पापाची शिक्षा आपल्याला नाही. फुकट खात्यावर सही ७ दिवस टिकते आणि एका वेळी ३च ॲप, त्यातली एक जागा ऑल्टस्टोअर स्वतःच खातं (हे खुपतं). संगणकावर ऑल्टसर्व्हर (ऑल्टस्टोअरचा जोडीदार प्रोग्रॅम) चालू आणि फोनचं-संगणकाचं वायफाय एकच असेल, तर रिफ्रेश दाबायचं, सही नवी झाली. मुदत संपून ऑल्टस्टोअरच उघडेना? काढून टाकू नका, डेटा जाईल. ऑल्टसर्व्हरवरून त्याच आयडीने त्यावरच पुन्हा टाका. वर्षभराच्या सहीसाठी ॲपलचं ९९ डॉलरचं खातं लागतं. दोन जुन्या गेमसाठी एवढं कोण देतंय!