मोबाईलवरची निवडणूक, आठ महिन्यांनी : ॲप बरं, आमचे नियमच कच्चे

सेलूतल्या आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी संघाची निवडणूक यंदा पहिल्यांदा मोबाईलवर झाली. त्यानंतर वर्गणीवाढीचा ठराव आणि एका जागेची पोटनिवडणूकही त्याच ॲपवर घेतली. निवडणूक समितीत असल्यामुळे शिव्या खायचा मान माझाच. ॲपचं नाव लिहीत नाही, कारण निम्मा घोळ आमचाच होता.

आधी मतदान वार्षिक सभेत व्हायचं. मुंबईचे देवगिरी एक्स्प्रेसनं सकाळी उतरायचे, हैदराबादचे उलट्या बाजूनं यायचे. ज्यांना जमायचं नाही त्यांचं मत गेलं. एकदा व्हॉट्सॲपवर पोल घेऊन पाहिला. त्यात कोणी कोणाला मत दिलं ते नावासकट दिसतं. संध्याकाळपर्यंत दोन वर्गमित्रांचं बोलणं बंद.

ॲप घ्यायचं ठरल्यावर वकीलसाहेबांनी पहिलाच प्रश्न टाकला, "संघाच्या घटनेत आहे का ऑनलाइन मतदान?" नव्हतं. संघ नोंदणीकृत न्यास आहे. नवी कार्यकारिणी आली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तिथं कोणी हरकत घेतली तर घटनेत नसलेल्या मतदानावर उत्तर काय देणार? म्हणून आधी विशेष सभा बोलावली आणि ऑनलाइन मतदानाचं कलम हात वर करून मंजूर केलं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो मतदारयादीनं. ॲपला एक नंबर म्हणजे एक मतदार एवढंच कळतं. आमच्याकडं आजोबा, बाप, सून एकाच शाळेचे आणि यादीत तिघांपुढं एकच नंबर. एका काकांच्या नावापुढं मुलाचा नंबर होता. मुलगा पुण्यात, ओटीपी पुण्यात, काका सेलूत. मुलानं फोन लावून विचारलं, "अण्णा, कोणाला टाकू?" काकांचा फोन बटणांचा, आवाज ओसरीभर. आणि ओसरीवर चहा पीत दोन उमेदवार बसलेले! काका म्हणाले, "मंग सांगतो," आणि ते मत राहूनच गेलं.

आता नियम असा : ज्याचा नंबर त्याचाच, मतदानाच्या पंधरा दिवस आधी यादी बंद. स्मार्टफोन नसलेल्यांनी शाळेत यायचं. तिथं आडोशाला टॅब ठेवलेला असतो आणि चिठ्ठीवर कोड मिळतो. पोटनिवडणुकीला काका आले, स्वतः बटण दाबलं आणि बोट पुढं करून म्हणाले, "शाई लावा की."

दुसरा घोळ नऊ जागांचा. नऊ नावं निवडल्याशिवाय ॲप पुढं जाऊच देईना. कागदावर चारच नावांवर शिक्का मारला तरी मत धरायचो आम्ही. इथं लोकांनी उरलेली पाच नावं डोळे झाकून भरली. त्यात मोबाईलवर खाली सरकवल्याशिवाय पहिली पाच-सहाच नावं दिसतात, त्यामुळं वरच्यांची चांदी झाली. पुढच्या वेळी 'जास्तीत जास्त नऊ' असं करून घेतलंय आणि नावांचा क्रम प्रत्येकाला वेगळा दिसेल. यावर एक माजी अध्यक्ष नाराज आहेत. "मग प्रचारात आपला नंबर कितवा सांगायचा?" हे मात्र खरं आहे.

चालू मोजणी दिसायची हीही चूकच. दुपारी आकडे बघून फोनाफोनी सुरू झाली. मग मी कंपन्यांच्या भागधारकांसाठी असलेल्या ई-मतदानाचे २०१४ चे नियम वाचले. आपल्याला ते लागू नाहीत, पण उचलण्यासारखे आहेत : मतदान किमान ३ दिवस खुलं, सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ५ ला बंद, दिलेलं मत बदलायचं नाही, आणि मतं उघडायची ती कंपनीच्या नोकरीत नसलेल्या किमान २ साक्षीदारांसमोर. तीन दिवसांमुळं लाईट गेली म्हणून मत बुडालं, ही तक्रारही संपली. साक्षीदार म्हणून आम्ही शेजारच्या वाचनालयाच्या दोघांना बसवतो.

खरी धडकी भरली ती निकालाच्या एक्सेल फाइलनं. एका पानावर कोणी मतदान केलं, दुसऱ्यावर कोणती मतं पडली. नाव आणि मत एकत्र कुठंच नाही, म्हणून मी निश्चिंत. रात्री सहज बघितलं तर दोन्ही पानं वेळेच्या क्रमानं. शेजारी शेजारी लावली की सातव्या ओळीतल्या माणसानं सातव्या ओळीतलं मत दिलेलं! माझंच मत तपासलं, बरोबर निघालं. बाकीच्या ओळी न बघता फाइल पुसली, अध्यक्षांना कळवलं आणि ॲपच्या कंपनीला फोन केला. ते म्हणाले, "सर, तुम्हीच पहिले विचारताय." पोटनिवडणुकीत क्रम विस्कटून आला, पण तो दरवेळी विस्कटलेलाच येईल असं लिहून द्यायला अजून टाळताहेत.

एरवी ॲप बरं आहे. मराठी जोडाक्षरं नीट दिसतात, निकाल मिनिटात लागतो, हैदराबादची मंडळी खूश आहेत. पाचपैकी साडेतीन देईन. पुढच्या वर्षाचं बिल आलंय. क्रम विस्कटण्याची हमी लेखी हातात पडेपर्यंत चेक काढू नका, असं खजिनदारांना सांगून ठेवलंय.