टॉप लोड की फ्रंट लोड: मुंबईच्या घरातून पाहिलेली तुलना

वॉशिंग मशीन घ्यायचे ठरले की दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो घरात माणसे किती, हा. आणि त्या उत्तरावरून सहा किलो, सात किलो, आठ किलो असा हिशेब सुरू होतो. मुंबईत मात्र त्याच्या आधी विचारायला हवेत असे प्रश्न वेगळेच आहेत. पाणी किती वाजता येते आणि किती वेळ टिकते, घर कितव्या मजल्यावर आहे, बाथरूमचे दार किती रुंद आहे, लादीखाली स्लॅब आहे की लाकडी तुळया. दादरच्या जुन्या इमारतीतल्या घरात आमच्याकडे अनेक वर्षे टॉप लोड मशीन होते आणि मुलुंडच्या सोसायटीत राहायला आल्यापासून फ्रंट लोड आहे. दोन्हींनी आपापल्या जागी चोख काम केले. त्यामुळेच फ्रंट लोड म्हणजे वरचा दर्जा आणि टॉप लोड म्हणजे तडजोड, हा रूढ झालेला समज मला पटत नाही. कपडे धुण्यात फ्रंट लोड सरस आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या सरसतेचा लाभ मुंबईतल्या प्रत्येक घराला घेता येतोच असे नाही.

टॉप लोडमध्ये टब उभा असतो. त्यात कपडे बुडतील इतके पाणी भरते आणि तळाशी बसवलेली पल्सेटर नावाची चकती उलटसुलट फिरून ते पाणी घुसळते. कपडे एकमेकांवर आणि टबाच्या भिंतीवर घासले जाऊन मळ सुटतो. फ्रंट लोडमध्ये ड्रम आडवा असतो, तळाशी थोडेच पाणी असते आणि ड्रमच्या आतले उंचवटे कपडे वर उचलून पुन्हा खाली टाकत राहतात. महालक्ष्मीच्या धोबीघाटावर कपडा उचलून दगडावर आपटतात, त्याचेच हे सौम्य रूप म्हणता येईल. पल्सेटरच्या भोवऱ्यात सुती साडीला पीळ बसतो, परकराच्या नाड्या शर्टाच्या बाह्यांना वेढून बसतात आणि झाकण उघडले की एक कपडा ओढावा तर चार वर येतात. साड्या आणि नाड्यांचे कपडे जाळीच्या पिशवीत घालून धुतले तर हा त्रास बराच कमी होतो, पण संपत नाही. फ्रंट लोडमध्ये गुंता फारच कमी होतो आणि कपड्यांचा पोतही अधिक काळ टिकतो.

पाण्याच्या बाबतीत आकडेच पुरेसे बोलके आहेत. सात किलोच्या टॉप लोडला पूर्ण भरलेल्या धुण्यासाठी साधारण १०० ते १४० लिटर पाणी लागते, तर तेवढ्याच क्षमतेच्या फ्रंट लोडला ४५ ते ६० लिटर. मुंबईला तुळशी, विहार, तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा आणि भातसा या सात जलाशयांतून पाणी मिळते, आणि पाऊस लांबला की महापालिकेला कपात जाहीर करावी लागते. २०२४ साली ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के कपात लागू झाली होती. अशा दिवसांत एका धुण्यामागे निम्म्याहून अधिक पाणी वाचवणारे यंत्र घरात असणे ही केवळ बिलापुरती गोष्ट राहत नाही. ज्या सोसायट्यांना उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो, तेथे तर हा फरक प्रत्येक घराने मनावर घ्यावा असाच आहे.

पण कमी पाणी लागते म्हणून पाणीटंचाईच्या घराला फ्रंट लोडच योग्य, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये, कारण पाणी किती लागते याच्याइतकेच ते कसे येते यालाही महत्त्व आहे. फ्रंट लोडचे दार एकदा बंद झाले की पाणी फक्त पाइपातूनच आत जाऊ शकते, आणि त्यासाठी नळाला किमान दाब असावा लागतो. अनेक मशीनच्या माहितीपुस्तिकांत ही किमान मर्यादा ०.३ बार अशी दिलेली असते. पाण्याची पातळी नळाच्या वर तीन मीटर असली की साधारण एवढा दाब मिळतो. आता इमारतीचा शेवटचा मजला डोळ्यांसमोर आणा. गच्चीवरची टाकी डोक्यावरच असते, तिच्यातले पाणी अर्ध्यावर आलेले असते आणि जुन्या लोखंडी पाइपांत गंज साचलेला असतो. तेथे तीन मीटरचा दाब कोठून मिळणार? ठरलेल्या वेळात पाणी हव्या त्या पातळीपर्यंत चढले नाही की मशीन काम थांबवते, पडद्यावर बिघाडाची खूण दाखवते आणि साबण लागलेले कपडे आत तसेच राहतात. दाब वाढवणारा छोटा पंप बसवणे हा उपाय आहे, मात्र तो थेट महापालिकेच्या जलवाहिनीवर बसवणे नियमबाह्य आहे. तो घरातल्या किंवा गच्चीवरच्या टाकीच्या पाइपावरच हवा. टॉप लोडचा मोठा गुण येथे उपयोगी पडतो. झाकण उघडून बादलीने पाणी ओतता येते. ज्या घरात पहाटे दीड-दोन तास पाणी येते आणि उरलेला दिवस पिंपावर काढावा लागतो, तेथे हा गुण बाकीच्या सगळ्या वैशिष्ट्यांपेक्षा मोलाचा ठरतो. दादरला आम्ही पिंपातले पाणी असेच ओतत असू आणि दुसऱ्या खळबळीचे पाणी बादल्यांत धरून लादी पुसायला व संडासात वापरत असू.

ते पाणी धरण्यावरून सांडपाण्याचा मुद्दा येतो, ज्याकडे खरेदीच्या वेळी कोणी लक्ष देत नाही. फ्रंट लोडमध्ये पाणी बाहेर फेकणारा पंप असतो, त्यामुळे त्याचा पाइप बेसिनच्या उंचीपर्यंत चढवता येतो. अनेक टॉप लोड मशीनमध्ये मात्र पाणी उतारानेच वाहून जाते, म्हणून पाइप जमिनीलगत ठेवावा लागतो आणि मोरीचे तोंड मशीनच्या तळापेक्षा खाली असावे लागते. मशीन पॅसेजमध्ये ठेवून पाइप उंबरठ्यावरून बाथरूममध्ये नेण्याचा बेत असेल, तर पंप आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

जागेचे गणित टेप घेऊनच करावे. फ्रंट लोडची रुंदी साधारण ६० सेंटिमीटर, उंची ८५ सेंटिमीटर असते आणि दार पूर्ण उघडण्यासाठी पुढे हातभर मोकळी जागा लागते. जुन्या घरांत बाथरूमचे दार जेमतेम दोन फुटांचे असते. चौकट आणि कडी धरली की ६० सेंटिमीटरचे यंत्र त्यातून आत जात नाही. ‘ओट्याखाली आरामात बसेल’ असे विक्रेता सहज सांगतो, परंतु ओट्याची उंची म्हणजे वरच्या ग्रॅनाइटपर्यंतचे माप. दगडाची जाडी वजा केल्यावर खाली उरणारी जागा बऱ्याचदा ८५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरते. टॉप लोडला पुढची जागा लागत नाही. मात्र झाकण वर उघडते, त्यामुळे डोक्यावर कपाट किंवा खाली आलेला नळ असेल तर अडचण होते.

वजनाचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. वेगाने फिरणारा आडवा ड्रम स्थिर राहावा म्हणून फ्रंट लोडच्या आत काँक्रीटचे किंवा ओतीव लोखंडाचे ठोकळे बसवलेले असतात, आणि त्यामुळे ते साधारण ६० ते ७५ किलोंचे होते. टॉप लोड ३० ते ४० किलोंचे असते. गिरगाव-काळबादेवीकडच्या जुन्या चाळींत, जेथे अजूनही लाकडी तुळयांवर जमीन उभी आहे, तेथे एवढे वजन मिनिटाला हजाराहून अधिक फेऱ्यांनी थरथरत ठेवणे मला योग्य वाटत नाही. खालच्या बिऱ्हाडात भांडी वाजतील एवढ्यावर ते थांबेल याची खात्री कोण देणार? अशा घरांत टॉप लोडच घ्यावे, असे मी नि:संकोच सांगेन. नंतर जोडून घेतलेल्या किंवा पुढे काढलेल्या गॅलरीतही हीच काळजी घ्यावी.

डागांच्या बाबतीत फ्रंट लोडच्या हीटरला तोड नाही. लोकलच्या गर्दीत घामाने पिवळ्या पडलेल्या कॉलरी आणि डब्यातून सांडलेल्या भाजीचे तेल ४० अंशांच्या पाण्यात जसे सुटते तसे थंड पाण्यात सुटत नाही. हीटर साधारण दोन हजार वॉटचा असल्याने त्यासाठी १६ अँपिअरचा वेगळा सॉकेट लागतो, आणि विजेचे बिल फुगेल ही भीती अनेकांना वाटते. मुंबईत ती फारशी खरी नाही. नळाचे पाणी २७ अंशांचे आणि तापवायचे पाणी १५ लिटर धरले, तर ते ४० अंशांवर नेण्यासाठी पाव युनिटच्या आसपास वीज लागते. ६० अंशांवर नेण्यासाठी सुमारे ०.६ युनिट. चादरी आणि टॉवेलांसाठी ६०, रोजच्या कपड्यांसाठी ४० किंवा थंड, एवढे पथ्य पुरेसे आहे. हळदीचा डाग मात्र कोणत्याही मशीनवर सोपवू नये. साबणातल्या अल्कलीने तो आधी लाल होतो, आणि धुऊन उन्हात वाळत घातला की फिका पडत जातो. हे काम उन्हाचे आहे.

पावसाळ्यात मात्र ऊन कोठून आणायचे, हा मुंबईकरांचा जुना प्रश्न आहे. येथे पिळण्याचा वेग महत्त्वाचा ठरतो. टॉप लोड साधारण मिनिटाला ७०० फेऱ्यांनी पिळते, फ्रंट लोड १००० ते १४०० फेऱ्यांनी. पाणी बाहेर फेकणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ड्रमचा व्यास सारखा धरला तर १२०० फेऱ्यांना तो ७०० फेऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होतो. जुलैमध्ये घरातल्या दोरीवर पंख्याखाली वाळत घातलेली जीन्स टॉप लोडमधून काढलेली असेल तर दुसऱ्या दिवशीही कमरेपाशी ओलसर लागते आणि कुबट वास धरते. फ्रंट लोडमधून काढलेली बहुधा दुसऱ्या सकाळी घालता येते. आमच्या घरी फ्रंट लोडचे सर्वाधिक कौतुक झाले ते याच कारणासाठी.

हे कौतुक टिकवायला थोडी रोजची मेहनत लागते. दाराभोवतीच्या रबरी गॅस्केटच्या खालच्या घडीत प्रत्येक धुण्यानंतर चमचाभर पाणी, केस, सुटलेले धागे, एखादे नाणे नाहीतर केसांची पिन अडकलेली सापडते. बोटाने घडी उलटून ती जुन्या बनियनच्या फडक्याने पुसली नाही, तर दमट हवेत काही आठवड्यांतच तेथे काळे ठिपके उठतात आणि तो वास पुढे कपड्यांना लागतो. दार थोडे उघडे ठेवावे, खालच्या झडपेतला फिल्टर महिन्यातून एकदा साफ करावा आणि पावडर फ्रंट लोडसाठीचीच, कमी फेसाची वापरावी. हाताने धुण्याची फेसाळ पावडर घातली तर कपडे आपटण्याऐवजी फेसावर तरंगतात आणि खळबळून निघत नाहीत. टॉप लोड याबाबतीत पुष्कळ सोशिक आहे. त्याची जाळी झटकली की काम भागते. मात्र अनेक मशीनचा तळ उघडा असतो, त्यामुळे उंदीर आत शिरून वायरी कुरतडू नयेत म्हणून खाली जाळी बसवून घेणे आवश्यक आहे. दुरुस्तीतही टॉप लोड स्वस्त पडते. फ्रंट लोडचे बेअरिंग गेले आणि टब कारखान्यातूनच कायमचा जोडलेला असेल, तर पूर्ण टब बदलावा लागतो. खरेदीपूर्वी हा प्रश्न विचारून उत्तर लेखी घ्यावे.

वेळेत टॉप लोड पुढे आहे. ते पाऊण-एक तासात मोकळे होते, फ्रंट लोडचा सुती कपड्यांचा पूर्ण कार्यक्रम दोन-तीन तास चालतो. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना फ्रंट लोडपुढे वाकणे कठीण जाते, तर बुटक्या व्यक्तीचा हात टॉप लोडच्या तळाशी पोहोचत नाही. किमतीतही बराच फरक आहे.

माझे मत असे की स्लॅब भक्कम असेल, पाणी टाकीतून दिवसभर दाबाने येत असेल आणि घरात कोणीतरी गॅस्केट पुसण्याची जबाबदारी घेणार असेल, तर जास्त पैसे घालून फ्रंट लोडच घ्यावे. यांपैकी पाणी किंवा जमीन ही एक गोष्ट जरी नसेल, तर चांगले टॉप लोड निवडावे. फ्रंट लोड घेतलेच, तर ते बसवायला माणूस येईल तेव्हा स्वतः जवळ उभे राहून मागचे वाहतुकीचे बोल्ट काढून घ्यावेत, कारण ते तसेच ठेवून मशीन चालवले तर आतले भाग निकामी होऊ शकतात. आणि काढलेले बोल्ट बिलासोबत एका पाकिटात जपून ठेवावेत, घर बदलताना मशीन हलवण्याआधी तेच पुन्हा लावावे लागतात.